आमसुलाची आम्लता: दोन लॅबचे दोन आकडे, आणि खोटं कोणीच नाही

प्रश्न थोडक्यात असा. सिंधुदुर्गातलं एक छोटं कोकम युनिट बिनमिठाची सोलं वाळवून एका आयुर्वेदिक कंपनीला देतं. करारात एवढंच लिहिलंय, "आम्ल किमान १५ टक्के". जवळच्या लॅबने टायट्रेशन करून "एकूण आम्लता १८.४ टक्के, सायट्रिक आम्ल म्हणून, कोरड्या वजनावर" असा रिपोर्ट दिला. कंपनीच्या लॅबने एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातलं एकेक आम्ल वेगळं करून मोजणाऱ्या मशीनवर, "हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल ११.४ टक्के" काढलं आणि माल अडवला. त्यांच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात आणखी चार आकडे आहेत: लॅक्टोन (याच आम्लाचं, पाण्याचा रेणू सोडून बनलेलं रूप) ३.६, सायट्रिक १.५, मॅलिक ०.५ आणि ओलावा १८ टक्के. युनिट चालवणाऱ्या ताई विचारतात, "आम्ही कशाचीही भेसळ केलेली नाही. मग खोटं कोण बोलतंय? आणि आम्हीच ते मशीन घ्यावं का?"

ताई, खोटं कोणीच बोलत नाहीये. दोन्ही लॅबनी आपापलं काम बऱ्यापैकी नीट केलंय. घोळ आहे तो करारातल्या त्या एका ओळीत. कुठलं आम्ल, कशाच्या वजनावर, कुठल्या पद्धतीने, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नाही. वनस्पतींमधली सेंद्रिय आम्लं मोजण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. माल अडकल्याची जी भांडणं माझ्यापर्यंत आली, त्यातली निम्मी तरी अशीच, आकडा खरा पण त्याचं नाव अर्धवट. तुमचे आकडे मी ताळून पाहिले. ते जुळतात, आणि जुळता जुळता तुमच्या वाळवणीबद्दल एक गोष्ट सांगून जातात. त्यावर पुढे येतो.

आधी सोलात असतं काय ते पाहू. कोकमाच्या सालीतलं मुख्य आम्ल म्हणजे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. धंद्यात सगळे त्याला एचसीए म्हणतात, मीही तेच म्हणेन. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचाच हा भाऊबंद, फक्त एक हायड्रॉक्सिल गट जास्त. केरळातल्या कुडमपुळीत, म्हणजे कोकमाच्याच गार्सिनिया वंशातल्या दुसऱ्या झाडाच्या फळात, टार्टरिक आणि सायट्रिक आम्ल असतं असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. १९६५ साली म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी ते मुळात एचसीए आहे हे दाखवलं. चूक इतकी वर्षं टिकली याला कारण आहे. आंबटपणा मोजायच्या जुन्या पद्धती आंबटपणाच मोजतात, तो कुणाचा आहे हे त्यांना कळत नाही. त्याच संस्थेत पुढे कोकमावर एचपीएलसीने काम झालं. त्यात सालीत साधारण १० ते १३ टक्के एचसीए सापडलं. त्याचं लॅक्टोन आणि सायट्रिक मात्र थोडंच. हा 'थोडंच' शब्द लक्षात ठेवा.

टायट्रेशन म्हणजे अर्कात थेंबथेंब कॉस्टिक सोडा सोडून आम्ल मारायचं आणि किती कॉस्टिक लागलं ते वाचायचं. ज्या खुणांच्या काचनळीतून ते सोडतात त्या ब्युरेटला दिसतात ते फक्त आम्लगट. त्या मिलिलिटरांना टक्क्यांत बदलताना आपण मनाशी धरतो की हे सगळं अमुक एका आम्लाचं आहे. ०.१ नॉर्मल कॉस्टिकचा एक मिलिलिटर म्हणजे ६.४० मिलिग्रॅम सायट्रिक, किंवा ६.९४ मिलिग्रॅम एचसीए, किंवा ७.५० मिलिग्रॅम टार्टरिक. म्हणजे तुमचं १८.४ हे रीडिंग 'एचसीए म्हणून' लिहिलं असतं तर १९.९ झालं असतं, 'टार्टरिक म्हणून' लिहिलं असतं तर २१.६. सोलं तीच, ब्युरेट तेच, फक्त गुणायचा आकडा वेगळा. म्हणून 'सायट्रिक म्हणून' हे दोन शब्द रिपोर्टवरून कधीही गळू द्यायचे नाहीत.

आता कंपनीच्या दुसऱ्या पानावरचे आकडे घेऊन तुमच्या लॅबचं उत्तर काढून बघू. ११.४ टक्के एचसीए सायट्रिकच्या भाषेत १०.५ होतं. लॅक्टोनमध्ये तीनपैकी एक आम्लगट वळून स्वतःच्याच हायड्रॉक्सिलला चिकटलेला असतो. त्यामुळे थंड टायट्रेशनमध्ये त्याचे दोनच गट मोजले जातात आणि ३.६ टक्के लॅक्टोनचे होतात २.४. सायट्रिक १.५ तसंच राहतं. मॅलिकचं ०.५ जवळजवळ तेवढंच. बेरीज १४.९. हे झालं ओलाव्यासकट वजनावर. कंपनीने आकडे 'आहे तशा' मालावर दिलेत, तुमच्या लॅबने कोरड्या वजनावर. ओलावा १८ टक्के, म्हणून १४.९ ला ०.८२ ने भागायचं. उत्तर १८.२. तुमच्या लॅबने दिलं १८.४. दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळ्या पद्धती, आणि फरक ०.२ चा. इतकं जुळणं मला रोज बघायला मिळत नाही. तुमच्या लॅबवाल्याचा हात चांगला आहे.

हीच बेरीज दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. कंपनीच्या रिपोर्टात लॅक्टोन ३.६ आहे, हे बरंच जास्त झालं. एकूण एचसीएतला चौथा हिस्सा लॅक्टोन होऊन बसलाय. आता हे लॅक्टोन कंपनीच्या लॅबने अर्क उकळल्यामुळे तयार झालं, की सोलातच होतं? ते उकळताना झालं असतं, तर तुमच्या लॅबच्या थंड अर्कात ते अजून एचसीए म्हणूनच असतं, तीन आम्लगटांसकट. मग तुमचं टायट्रेशन १९.७ च्या आसपास आलं असतं. आलं १८.४. टायट्रेशनमध्ये थोडी ओढाताण होतेच, त्यामुळे एवढ्यावरून मी कोर्टात साक्ष देणार नाही. पण आकड्यांचा कल स्पष्ट आहे: लॅक्टोन सोलं तुमच्याकडून निघाली तेव्हाच त्यात होतं. मेअखेरीला वळीव आला आणि उरलेली सालं घाईघाईने भट्टीवर किंवा ड्रायरमध्ये तापवली, असं काही झालं होतं का ते आठवा. एचसीए उष्णतेला आणि घट्ट होत जाणाऱ्या रसाला लगेच बळी पडतं. पाण्याचा एक रेणू सोडून लॅक्टोन बनतं. उन्हात पातळ पसरून वाळवलेल्या सालीत हे कमी होतं. रसाचे पुट देऊन जाड थर तापवला की जास्त.

यानं बिघडतं काय? खाणाऱ्याच्या जिभेला फारसं काही नाही. पण एचसीएकडे औषधी दृष्टीने बघितलं जातं ते चरबी तयार करण्याच्या वाटेवरच्या एटीपी सायट्रेट लायेज नावाच्या एन्झाइमला ते अडवतं म्हणून, आणि ते काम मोकळं आम्ल करतं, लॅक्टोन करत नाही. म्हणून काही कंपन्या फक्त मोकळं एचसीए धरतात. काही दोन्हींची बेरीज धरतात, कारण अल्कलीत गरम केलं की लॅक्टोन परत उघडतं आणि क्षार बनवताना ते तसंही उघडलं जातं. बेरजेसाठी लॅक्टोनला १.०९५ ने गुणायचं. तुमच्या मालाचं एकूण एचसीए त्या हिशोबाने 'आहे तशा' वजनावर १५.३ आणि कोरड्या वजनावर १८.७ होतं. म्हणजे करारात 'एकूण एचसीए' असा शब्द असता तर तोच माल, त्याच लॅबच्या, त्याच आकड्यांवर पास झाला असता. जाता जाता एक सांगतो. वजन उतरवायच्या गोळ्यांमुळे एचसीएचा टक्का हे भलतंच प्रतिष्ठेचं प्रकरण होऊन बसलंय. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे केलेल्या चाचणीत एचसीएने बनावट गोळीपेक्षा जास्त वजन उतरलं नव्हतं. त्यामुळे टक्का जास्त म्हणजे औषध जास्त गुणकारी, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. टक्का मोजायचा तो माल कसा आहे ते कळावं म्हणून.

टायट्रेशनची पद्धत तुम्ही युनिटवरच करू शकता, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. कोकमाच्या बाबतीत फिनॉल्फ्थॅलीन वापरू नका. त्याची खूण म्हणजे गुलाबी रंग, आणि तुमचा अर्क आधीच लालबुंद. वर कॉस्टिक पडत गेलं की कोकमाचे अँथोसायनिन, म्हणजे त्यातली लाल रंगद्रव्यं, स्वतःच रंग बदलतात. लालाचा जांभळट, मग मळकट निळा-हिरवा रंग होतो. त्या गढूळात गुलाबी छटा शोधणं म्हणजे अंदाजपंचे. अर्क खूप पातळ करून काहीजण भागवतात, पण दोन माणसं एकाच फ्लास्कला दोन वेगळी उत्तरं देतात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पीएच मीटर घ्या, हळूहळू ढवळत ८.१ पर्यंत जा आणि तिथे वाचा. पाणी उकळून थंड केलेलं असावं, नाहीतर विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही कॉस्टिक खातो. कॉस्टिकचं द्रावणही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून रोज थोडं उतरतं. आठवड्यातून एकदा तरी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर त्याची ताकद पुन्हा ठरवायची. मीटर रोज सकाळी ४ आणि ७ च्या बफरवर (पीएच ठरलेल्या द्रावणावर) लावायचा, आणि आपण वाचतो ८.१ वर, म्हणून ९.२ चा बफरही तपासायचा. हा तिसरा बफर बहुतेक ठिकाणी न उघडलेलाच असतो.

तेवढ्याच ब्युरेटने लॅक्टोनचाही अंदाज घेता येतो. थंड रीडिंग घेतल्यावर मोजून जादा कॉस्टिक घालायचं, गरम करायचं, थंड झाल्यावर उरलेलं कॉस्टिक आम्लाने परत मोजायचं. मधे जास्तीचं जे खपलं ते लॅक्टोन उघडायला गेलं, असा हिशोब. पण सालीत पेक्टिन असतं आणि त्याचे एस्टरही गरम कॉस्टिकमध्ये सुटतात, तेव्हा हा आकडा चढाच येतो. बॅच-बॅचची तुलना करायला ठीक, करारात लिहायला नाही.

ओलाव्याबद्दल कोणीच नीट बोलत नाही, आणि निम्मे तंटे तिथेच असतात. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचं, ही सगळीकडची सवय. आमसुलासारख्या आंबट-गोड, चिकट मालाला ती मानवत नाही. सालीतलं एचसीए ओव्हनमध्येच लॅक्टोन बनतं आणि पाणी सोडतं. एचसीएच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांहून थोडं जास्त. तुमच्या मालात सगळं एचसीए असं वळलं तर ओलावा जवळजवळ एक टक्का जास्त दिसेल, आणि शर्करा करपायला लागल्या की त्याहून जास्त. वजन स्थिर होतच नाही, उतरतच राहतं, हे तुमच्या लॅबवाल्यालाही माहीत असेल. मसाल्यांसाठी वापरतात ती टोल्युइनबरोबर उर्ध्वपातनाची पद्धत इथे बरी. पाणी डोळ्यांसमोर नळीत जमा होतं आणि तेच वाचायचं. ते नसेल तर ७० अंशांवरचा व्हॅक्यूम ओव्हन. आणि ओलावा काढायचा नमुना व आम्ल काढायचा नमुना एकाच डब्यातून, एकाच तासात. पावसाळ्यात सालीची पूड उघडी ठेवली की बघता बघता गोळा होते. माझ्या मते १८ टक्के ओल औषधी मालाला जास्तच आहे, ते वेगळं.

आता एचपीएलसी. मशीन मोठं आहे म्हणून त्याचा आकडा आपोआप खरा होत नाही. कंपनीच्या लॅबला तुम्ही तीन गोष्टी विचारू शकता, आणि चांगली लॅब न चिडता उत्तर देईल.

पहिली, स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा माहीत असलेला शुद्ध नमुना, कुठला वापरला. शुद्ध मोकळं एचसीए बाटलीत टिकत नाही, लॅक्टोन होतं. म्हणून स्टँडर्ड बहुधा कॅल्शियम क्षाराच्या रूपात येतो. १०० मिलिग्रॅम शुद्ध, निर्जल कॅल्शियम क्षारात एचसीए असतं ७८.५ मिलिग्रॅम. ही दुरुस्ती विसरली तर प्रत्येक नमुना २७ टक्क्यांनी फुगून येतो. बाटलीवर लिहिलेली शुद्धता आणि ओलावा आणखी वेगळे. शिवाय हा क्षार साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. पातळ फॉस्फोरिक आम्लात किंवा हायड्रोजन रूपातल्या कॅटायन रेझिनवरून नेऊन त्यातलं आम्ल मोकळं करावं लागतं. नुसतं पाण्यात हलवून गाळलं तर स्टँडर्डच तळाशी बसतो. बाजारात 'एचसीए ६० टक्के' म्हणून येणारी पांढरी पूडही कॅल्शियम-पोटॅशियम क्षारच असते. तिचं सरळ टायट्रेशन केलं तर आम्लता जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण आम्ल आधीच क्षारात बांधलेलं असतं. त्या पुडीसाठी टायट्रेशनचा आग्रह धरणारा खरेदी अधिकारी भेटला तर त्याला हे समजावून सांगायची तयारी ठेवा.

दुसरी, एचसीएचं पीक, म्हणजे मशीनच्या आलेखावरची त्याची टेकडी, कुठे येतं. साध्या सी-१८ कॉलमवर, म्हणजे आम्लं एकमेकांपासून वेगळी करणाऱ्या मशीनमधल्या नळीवर, पातळ फॉस्फोरिक आम्ल किंवा अडीच पीएचचा फॉस्फेट बफर चालवला की ही आम्लं फार थांबत नाहीत. एचसीए तर अगदी सुरुवातीला, कॉलमने न धरलेल्या सगळ्या गर्दीच्या लगतच बाहेर पडतं. ऑक्झॅलिक आम्ल शेजारीच, आणि सोलं मिठाची असतील तर मिठाचा धक्काही त्याच सुमारास. तिथे तळरेषा कशी ओढली यावर एखादा टक्का इकडचा तिकडे होतो. शंभर टक्के पाण्यावर चालणारा सी-१८ लागतो, नाहीतर पंप थांबवून पुन्हा सुरू केला की पीक चक्क आधीच बाहेर पडतात. मला स्वतःला या कामासाठी आयन-एक्सक्लूजन कॉलम जास्त भरवशाचा वाटतो. त्यात क्षार आधी निघून जातात आणि आम्लं आपापल्या ताकदीनुसार मागून येतात. पण तो तापवून चालवायची पद्धत आहे, आणि एचसीएला ताप नको, म्हणून मी तापमान खालीच ठेवतो आणि थोडी रुंद पीक सहन करतो.

तिसरी, पीक शुद्ध आहे हे कशावरून. इथे प्रकाश-शोषणावरून पदार्थ ओळखू पाहणाऱ्या डायोड अॅरे डिटेक्टरचा दाखला देतात, आणि तो या आम्लांसाठी फारसा कामाचा नाही. एचसीए, सायट्रिक, मॅलिक, टार्टरिक या सगळ्यांना प्रकाश शोषायला असतो फक्त कार्बॉक्सिल गट, २१० नॅनोमीटरच्या आसपास, आणि सगळ्यांचे आलेख एकसारखे उतरते. एकावर एक बसले तरी डिटेक्टरला पत्ता लागत नाही. याच्या उलट तऱ्हा फ्युमॅरिक आम्लाची. ते या सगळ्यांच्या कित्येक पट जोरात शोषतं, त्यामुळे मॅलिकच्या स्टँडर्डमध्ये चिमूटभर असलं तरी टेकडीएवढं पीक देतं, आणि नवा केमिस्ट घाबरतो. खात्री हवी तर वेगळ्या तत्त्वाच्या दुसऱ्या कॉलमवर तोच नमुना चालवायचा, किंवा मास डिटेक्टरवर, म्हणजे रेणूच्या वजनावरून ओळख पटवणाऱ्या यंत्रावर, निगेटिव्हमध्ये बघायचं: एचसीए २०७ वर, लॅक्टोन १८९ वर, सायट्रिक १९१ वर. मासवर न्यायचं तर फॉस्फेट बफर सोडून फॉर्मिक आम्लावर यावं लागतं. हे कंपनीच्या लॅबने रोज करावं असं नाही, पण पद्धत बसवताना एकदा केलेलं असावं.

आणि अर्क. कोमट पाण्यात, अल्ट्रासॉनिकमध्ये अर्धा तास, तेच साल दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्या अर्कात नगण्य आलं की झालं. लाल रंग छोट्या सी-१८ कार्ट्रिजवर अडवून पुढे जायचं, नाहीतर कॉलम महिन्यात गुलाबी होतो. अर्क त्याच दिवशी चालवायचा. थंड ट्रेमध्ये ठेवला तरी शुक्रवारी काढलेला अर्क सोमवारी चालवू नये; एचसीएचं पीक बसतं आणि लॅक्टोनचं वर येतं. संशय असेल तर कंपनीला एकच सोपी चाचणी सुचवा. एका पोत्यातलं साल घ्या, निम्मं थंड पाण्यात काढा, निम्मं उकळत्या, आणि दोन्हींतल्या लॅक्टोनचे आकडे शेजारी मांडा. थंड अर्कातही साडेतीनच्या आसपास आलं, तर वाळवणीचा माझा अंदाज बरोबर.

भेसळीचं काय, हा न विचारलेला प्रश्न कंपनीच्या मनात आहेच. १८.४ आंबटपणा आणि ११.४ एचसीए दिसलं की खरेदीवाल्याला पहिली शंका येते ती लिंबूसताची. स्वस्त, पांढरं, कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, आणि टायट्रेशनला त्याच्यात आणि कोकमाच्या आम्लात फरक कळत नाही. एचपीएलसीला कळतो. तुमच्या नमुन्यात सायट्रिक १.५ आहे, एचसीएच्या तुलनेत किरकोळ. लिंबूसताच्या पाण्यात बुडवलेल्या सोलांत सायट्रिक एचसीएच्या बरोबरीला येतं, कधी पुढे जातं. टार्टरिक ठळक दिसलं तर चिंचेचा कोळ कुठेतरी शिरलाय असं समजायचं. सोडियम मेटाव्हॅनेडेटचा लाल रंग देऊन एचसीए मोजायची एक झटपट पद्धत काही ठिकाणी चालते, पण टार्टरिकही तसाच रंग देतं, तेव्हा चिंचेची भेसळ तिथे उलट 'उत्तम माल' म्हणून पास होते. फार मोठा व्यवहार असेल तर कार्बनच्या समस्थानिकांवरून ऊस किंवा मक्यापासून बनवलेलं सायट्रिक ओळखता येतं. ते कसाव्यापासून बनवलेलं असेल तर मात्र तीही युक्ती हरते.

आणखी एक. एचसीए सापडलं म्हणजे ते कोकमच, असं नाही. कुडमपुळीत ते कोकमाहून जास्तच असतं. कोकमाची खूण लाल रंगात आहे, सायनिडिनच्या दोन ग्लायकोसाइडांत. कुडमपुळीचं फळ पिवळं, त्यात हा रंग नसतो. म्हणून ओळख पटवायला रंगाचा क्रोमॅटोग्राम, प्रत ठरवायला आम्लाचा. विदर्भात नि खानदेशात पिकणारी लाल अंबाडी रंगाने फसवू शकते. तिचं आम्लही हायड्रॉक्सिसायट्रिकच, पण रचनेत उलटसुलट असलेलं दुसरं भावंड, आणि बहुतेक लॅक्टोनच्या रूपात.

अंबाडीवरून आठवलं, फार्माकोपिया, म्हणजे औषधी मालाच्या प्रतीचे अधिकृत नियमग्रंथ, हा प्रश्न कसा सोडवतात ते बघण्यासारखं आहे. युरोपियन फार्माकोपियात लाल अंबाडीच्या फुलांसाठी 'किमान १३.५ टक्के आम्लं, सायट्रिक म्हणून, वाळलेल्या मालावर' अशी अट आहे, आणि टायट्रेशन पीएच मीटरने ७.० पर्यंत. तिथे मुख्य आम्ल सायट्रिक एकटं नाही हे त्यांना माहीत आहे, पण 'म्हणून' हा शब्द घालून त्यांनी भांडणाची जागाच ठेवली नाही. चिनी फार्माकोपियात एका हॉथॉर्नच्या फळाला 'एकूण आम्लं सायट्रिक म्हणून ५ टक्के' ही टायट्रेशनची अट आहे, आणि मुमे जर्दाळूच्या फळाला 'सायट्रिक १२ टक्के' ही एचपीएलसीची. एकाच पुस्तकात दोन पद्धती, कारण दोन फळांबद्दल विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. शेवटचा थेंब कुठल्या पीएचवर थांबवायचा हेही लिहिलेलं असतं. ७.० आणि ८.१ यांत थोडा पण कायमचा फरक पडतो.

नमुना काढण्यावर दोन वाक्यं. छत्तीस पोती असतील तर सात पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून घ्यायचा. पोत्यांच्या संख्येचं वर्गमूळ अधिक एक हा हिशोब पुरतो. साल चिवट असल्यामुळे मिक्सरमध्ये गरम होऊन लगदा होतो, म्हणून आधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग दळायचं.

कंपनीला पत्र लिहा, पण भांडणाच्या सुरात नको. वरची बेरीज जशीच्या तशी मांडा आणि करारातली ओळ बदलून मागा: "एकूण हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, मोकळं अधिक लॅक्टोन, एचसीए म्हणून, कोरड्या वजनावर, एचपीएलसीने, ओलावा टोल्युइन पद्धतीने, अर्क ४० अंशांच्या आत." त्यांना मोकळं एचसीएच हवं असेल तर तसं लिहू देत. मग टक्का वेगळा ठरवावा लागेल, आणि तुम्हाला वाळवण सुधारावी लागेल. १५ हा आकडा मोकळ्या एचसीएसाठी 'आहे तशा' वजनावर मागणं म्हणजे चांगल्या सालीलाही नापास करणं.

मशीन मात्र घेऊ नका. एचपीएलसीची किंमत बाजूला ठेवा. कॉलम, शुद्ध रसायनं, स्टँडर्ड, दर वर्षीची देखभाल आणि ते चालवणारा माणूस, एवढं सगळं तुमच्या हंगामी धंद्याला पेलणार नाही. त्याऐवजी बरा पीएच मीटर, तीन बफर, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा, चुंबकी ढवळणी आणि टोल्युइनची काचसामग्री घ्या. प्रत्येक बॅचचं थंड टायट्रेशन करा आणि ओलावा काढा, वाळवणीची तारीख आणि 'ऊन' की 'भट्टी' हे शेजारी लिहा. हंगामात उन्हाच्या दोन आणि भट्टीच्या दोन बॅचेस बाहेरून एचपीएलसीवर करून घ्या, लॅक्टोनसकट. त्यावरून तुमच्या मालाचा टायट्रेशन आणि एचसीएचा गुणोत्तरांक मिळेल. ऊन आणि भट्टीचे आकडे वेगळे मांडा, एकत्र सरासरी काढू नका. आणि कंपनीला माल जाईल त्याच दिवशी त्याच नमुन्याचे तीन भाग करा: एक त्यांना, एक तुमच्या लॅबला, एक सील करून फ्रीझरमध्ये. या वेळी अडवलेल्या मालाचं सीलबंद पाकीट तुमच्याकडे असेल तर ते अजिबात उघडू नका. फेरतपासणीला तेच लागेल.